व्युत्पत्तीचा गुण

पक्षाघाताच्या झटक्यात बाबांची वाचा गेली. "त्यांच्याशी बोलत राहा," डॉक्टर म्हणाले. इंग्रजीचा प्राध्यापक असलेला थोरला मुलगा एकदाचा उगवला आणि उशाशी खुर्ची ओढून 'केअर' या क्रियापदावर सुरू झाला.

"मूळ अर्थ शोक करणं, बाबा! काळजी घेणं वगैरे सगळं नंतरचं."

"दादा, चादर बदलायचीय. त्यांना जरा कुशीवर धर," धाकटी म्हणाली.

"थांब गं, अजून जर्मन मूळ राहिलंय."

तेवढ्यात बाबांचे ओठ थरथरले. "हा... जाणार... कधी?"

दादाला गहिवरून आलं. "बघ! माझ्याशी बोलले!"

धाकटीने एकटीनेच बाबांना कुशीवर वळवलं.

"दादा, उद्याही ये. अजून शिव्या आठवायच्यात त्यांना."