खांद्यावरचा रुमाल

बागेतल्या बाकावर लागलेल्या डुलकीतून काथवटे अण्णा जागे झाले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर कुणीतरी रुमाल टाकलेला होता.

शहर कधीचंच भरलं होतं. मूल जन्मलं की त्याच दिवशी एका म्हाताऱ्याला सुई टोचून निरोप द्यायचा, असा कायदाच होता. कोणता म्हातारा, ते मात्र लोक एसटीत ठरवायचे तसंच ठरवत: ज्याचा रुमाल आधी पडेल, त्याची जागा. पडलेला रुमाल उचलायची कुणाची छाती नव्हती. शेजारच्या देवधरांवर गुलाबी रुमाल होता. तो टाकणारं जोडपं दर रविवारी त्यांना केळी आणून द्यायचं.

"कुणाचा आगाऊपणा हा?" अण्णा ओरडले. "चांगला ठणठणीत आहे मी!"

रुमाल भिरकावायला त्यांनी हात उचलला, तो तसाच थिजला. कोपऱ्यावर मोगऱ्याची कळी भरलेली होती. त्यांच्या बायकोच्या हातचा टाका. रुमाल घरच्या कपाटातला होता.

बाकामागे त्यांची सून ऋजुता उभी होती. डोळे रडून सुजलेले, एक हात पोटावर.

"रागावू नका, अण्णा. दोन जोडपी मघापासून तुमच्याभोवती घुटमळत होती. परक्यानं टाकण्यापेक्षा आपणच टाकलेला बरा ना? जागा घरातच राहील."

अण्णांनी मोगऱ्याच्या कळीवरून बोट फिरवलं.

"केव्हा?" त्यांनी विचारलं.

"श्रावणात," ऋजुता म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावरून घसरणारा रुमाल तिनं नीट केला.