मुठीवरची मूठ

आई बालवर्गाला अंक शिकवायची. मुलाच्या मुठीवर मूठ ठेवून गिरवून घ्यायची आणि चुकलं की हळूच करंगळी दाबायची.

ती गेली त्याच आठवड्यात माझी लेक पाटी घेऊन बसली. कालपर्यंत वेडावाकडा येणारा पाच आज सफाईने वळला.

"आजी, करंगळी नको ना दाबू!" ती खिदळली.

मी दुसरी पाटी ओढली. "आई, माझाही हात धर ना गं."

"तुला येतं की लिहायला!" लेक म्हणाली.

म्हणून मी पाच मुद्दाम उलटा काढला. पुसला, पुन्हा उलटाच काढला. तेव्हा माझ्या मुठीवर मूठ बसली. करंगळी दाबली गेली.

"आलीस!" मला रडू फुटलं.

लेकीने मान वर केली नाही.

"आई, आजी तर माझाच हात धरून बसलीय."