कोनाड्यातला हात

छप्पन्न साली दीक्षा घेतली, त्याच आठवड्यात शिरपानं घरातले देव टोपलीत भरून पंचगंगेत सोडले. खंडोबा-यल्लम्माच्या टाकांत हौसाच्या नावाचाही टाक होता. चार वर्षांची लेक तापात गेली, तेव्हा बयाबाईनं पैंजण मोडून त्या चांदीचा तो करून घेतला आणि देवांत बसवला होता. नवरा टोपली घेऊन निघाला, तशी ती उंबऱ्यापर्यंत मागं गेली.

रिकाम्या कोनाड्यात मधोमध बुद्धाची मूर्ती बसली. शाळेतल्या गुरुजींनी अशा मूर्तींच्या हातांचे अर्थ सांगितले होते. मांडीवरचे हात म्हणजे ध्यान. वर केलेला तळवा म्हणजे भिऊ नको. भुईला टेकलेली बोटं म्हणजे धरणी साक्षीला आहे. यांच्या मूर्तीचे दोन्ही हात मांडीवर होते.

सोमवारी कोनाडा पुसताना बयाबाईला उजवी बोटं भुईला टेकलेली दिसली.

"अवो, ह्यो हात मांडीवर व्हता न्हवं?"

"पहिल्यापास्नं असाच हाय की! ध्यान कुठं असतंय तुझं?"

मंगळवारी तळवा वर होता. भिऊ नको म्हणणारा तो तळवा बघून बयाबाई भ्याली.

बुधवारी हात बाजूला लोंबत होता. जत्रेत लेकराचं बोट धरावं, तशी त्याची बोटं अर्धी मिटली होती. हा अर्थ गुरुजींनी सांगितलाच नव्हता. मूर्तीही मधोमध नव्हती. टाकाएवढी जागा सोडून ती सरकून बसली होती.

बयाबाईनं त्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. ऐन थंडीत तिथला दगड भाजत होता, शेवटच्या दिवशी हौसाचं कपाळ भाजत होतं तसा.