मोठ्या खोलीचं कुलूप

पारास्किव्हाचा लेक सांदू इटलीत नोकरीला. दर सुट्टीत बायकोपोरांना घेऊन कधी ग्रीसला जायचा, कधी स्पेनला. "आपल्या मोल्दोव्हात मुलांना बघायला आहे काय, आई?" हे त्याचं ठरलेलं. यंदा पोरांनीच हट्ट धरला, तेव्हा फोनवर म्हणाला, "मोठी खोली उघडून ठेव. चार दिवस पाहुणे आहोत."

गावात घरोघरी मोठी खोली नटवलेली असते ती फक्त पाहुण्यांसाठी. घरचं माणूस तिथे झोपत नाही.

सांदू बॅगा घेऊन आत आला, तर मोठ्या खोलीला हे भलंमोठं कुलूप आणि स्वयंपाकघरात चुलीलगत चार गाद्या.

"आई, हे गं काय?"

म्हातारीने किल्ली खिशात टाकली.



"पाहुणे आले की उघडेन. तू पोटचा आहेस, मुकाट्याने चुलीपाशी झोप!"