डागांची वही

"कालचा शर्ट आणलात?" पोलीसबाईंनी विचारलं.

तिने पिशवीतून पुडकं काढून टेबलावर ठेवलं. आत तिचा निळा शर्ट, कडक इस्त्री केलेला. पोलीसबाईंनी तो उलगडून उजेडात धरला, मग तिच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं.

"रक्त कुठंय यावर?"

"काढलं. ताजं असलं की गार पाण्यात लगेच निघतं."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. बारा वर्षं लाँड्रीत लोकांचे डाग काढणारीने नवऱ्याविरुद्धचा पुरावाही लख्ख धुऊन आणला होता. आता कोण विश्वास ठेवणार? नवरा तर असा गोडबोल्या, की शेजारपाजारचे त्याचीच बाजू घेतील. तिने पिशवी उचलली.

"जाऊ दे मॅडम. येते मी."

"बसा हो ताई. डाग गेला म्हणून गुन्हा जात नाही. तुमचं सांगणं हाही पुरावाच आहे. डॉक्टर तपासून ओठाचं लिहून देतील. वकील फुकट मिळेल. त्याने तुमच्या जवळपास फिरकू नये, असा हुकूम कोर्टाकडे मागता येतो. आधी कधी झालं होतं असं?"

"दोन वर्षं चाललंय. पण कुणी पाहिलं नाही."

"मी पाहिलंय," शेजारच्या खुर्चीतून लाँड्रीची मालकीण म्हणाली. तिला सगळे मावशी म्हणत. सकाळी तो ओठ बघून तीच दुकानाला कुलूप लावून हिला इथे घेऊन आली होती. तिने मांडीवरची जाडजूड वही टेबलावर सरकवली.

लाँड्रीत आलेला कपडा धुण्याआधी वहीत लिहितात. कुठे फाटलाय, कसला डाग आहे, सगळं तारखेसकट, नाहीतर गिऱ्हाईक नंतर डोकं खातं. ती स्वतःचे कपडेही तिथेच धुवायची. मावशीने तेही लिहिले होते.

पोलीसबाई वाचू लागल्या. "पिवळा स्वेटर, गळा फाटलेला. उशीचा अभ्रा, रक्त. हिरवा ड्रेस, बाही उसवलेली, रक्त."

प्रत्येक तारखेला ती "हो" म्हणत गेली. तिसऱ्या वेळी तिला रडू फुटलं.

"मावशी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं गं. विचारायला जीभ रेटली नाही. चुकलंच माझं. लिहायचं तेवढं सोडलं नाही."

तिला राग आला नाही. दोन वर्षं आपण एकट्या नव्हतो, एवढंच मनात आलं. तिने मावशीचा साबणाने खरखरीत झालेला हात घट्ट धरला. "फार उपकार झाले तुमचे."

पोलीसबाईंनी पान पुन्हा निरखलं. "गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी सगळीकडे 'मुलगी' लिहिलंय. कोर्टात विचारतील बरं का. ही तुमची मुलगी कधीपासून?"

मावशीने वही ओढली, भराभर मागची पानं उलटली आणि 'मुलगी'च्या पहिल्या नोंदीवर बोट ठेवलं.

"ही तारीख लिहून घ्या."