दोनदा म्हणजे वर

लिफ्टचा पिंजरा तळाला टेकला आणि प्रतिभानं आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं, "चपला इथंच काढा. पुढे घोटाभर पाणी आहे. चारशे वर्षं वाहतंय, अजून कुणाला बुडवलेलं नाही."

या वाक्याला पर्यटक हमखास हसतात. आजचे दोघं हसले नाहीत. शाहपूरच्या मथुराबाई वाकून पाहत होत्या, पण पाण्याकडे नाही, प्रतिभाच्या उघड्या पावलांकडे. त्यांचा मुलगा धर्मेंद्र कडक इस्त्रीचा शर्ट भिजू नये म्हणून अंग चोरून उभा होता.

कुंडी भंडाऱ्यात, म्हणजे जमिनीखालच्या या जुन्या पाण्याच्या बोगद्यात, उतरायला हा एकच पिंजरा, आणि त्याचं बटण ऐंशी फूट वर, प्रतिभाच्या वडिलांच्या हाताशी. पिंजरा रिकामा वर निघाला तसे धर्मेंद्रचे डोळे त्याच्यामागं गेले.

"घाबरू नका," प्रतिभानं भिंतीवरची घंटी दाखवली. "एकदा वाजली म्हणजे थांब, दोनदा म्हणजे वर. वरून पण तेच. बाबा आहेत तिथं, पंधरा वर्षांत कधी चुकले नाहीत."

"मालूम आहे," मथुराबाई म्हणाल्या. "तू पुढे चाल पोरी. आम्ही मागून पाह्यतो."

ती पुढे चालली. गाईडचं कामच ते. सातपुड्याचं पाणी इथवर कसं झिरपत येतं, विहिरीसारख्या वर उघडणाऱ्या प्रत्येक कुंडीतून उजेड कसा उतरतो, सगळं तिनं सांगितलं. एका कुंडीखाली आल्यावर ती थांबली. "इथं उभं राहू नका, वरून थेंब गळतात."

"इतलं बोलून दम नाही लागत का तुले?" मथुराबाईंनी विचारलं.

"सवय झाली."

"अन् चश्मा? घरी लावते का?"

खाली उतरलेले लोक काहीबाही विचारतात. भूत आहे का, खजिना आहे का, मोबाईलला रेंज आहे का. चष्म्याचं आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती नाही म्हणाली, तर पुढचा प्रश्न उंचीचा आला.

"आई, बस कर ना," धर्मेंद्र पुटपुटला. त्या अंधुक उजेडातही त्याचे कान लाल झालेले दिसत होते.

प्रतिभाला आता आठवलं. वर फाटकापाशी या बाई म्हणाल्या होत्या, आम्ही पाह्यला आलो. सगळेच तसं म्हणतात. तिला वाटलं, कुंडी.

"सॉरी मॅडम," धर्मेंद्र पाण्याकडे बघत म्हणाला. "मला वाटलं तुम्हाला पता आहे. तुमचे बाबूजी बोलले, पोरगी पोह्यांची बशी घेऊन समोर यायला तयार नाही, तर कामावरच पाहून घ्या. मला पण आज गाडीत बसल्यावर सांगितलं."

प्रतिभाला भयंकर राग आला. पण समोर पर्यटक होते, आणि पर्यटकांवर आवाज चढवायचा नाही हे तिला बाबांनीच शिकवलं होतं. ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "मावशी, मी सोमवारी भोपाळला चाललेय. गाईडचा सहा महिन्यांचा कोर्स आहे. निवड झालीय माझी. तिकीट बाबांनीच काढलंय."

"ते तर कॅन्सल केलं ना वामनभाऊंनी," मथुराबाई मायेनं म्हणाल्या. "सोमवारी सुपारी फोडू म्हणे."

प्रतिभा वळली आणि पाणी उडवत घंटीपाशी गेली. तिनं ती दोनदा वाजवली.

वरून एकदाच वाजली. थांब.

तिनं पुन्हा दोनदा वाजवली. पुन्हा वरून एकच. बाबा कधी चुकत नव्हते, आजही चुकले नव्हते.

तेवढ्यात मथुराबाई मागून आल्या. त्यांनी पर्समधून कुंकवाची डबी काढली. बोगदा इतका अरुंद की दोन माणसं एकमेकांना घासूनच पुढे जातात. प्रतिभा मागं सरकली तर पाठीला ओली भिंत लागली. "राहू द्या ना," ती म्हणाली, तोवर बोट कपाळाला टेकलं होतं.

"पसंत आहे रे आपल्याले," मथुराबाई मुलाला म्हणाल्या. त्याला किंवा तिला कुणी विचारलंच नव्हतं.

बऱ्याच वेळानं पिंजरा करकरत खाली आला. प्रतिभानं दोघांना आत उभं केलं आणि दार लावलं.

"अन् तू?" मथुराबाईंनी विचारलं.

"आधी पर्यटक. नियम आहे."

असा कुठलाच नियम नव्हता. तिनं घंटी दोनदा वाजवली. पिंजरा या वेळी लगेच हलला. जाळीतून धर्मेंद्र काहीतरी सांगू बघत होता, पण तोवर फक्त त्याची ओली पावलं दिसत होती.

मग पिंजरा तिच्यासाठी रिकामा खाली आला. पाठोपाठ बाबांचा आवाज आला, मऊ, लाडाचा. लहानपणी शाळेला उठवताना असायचा तसा. "प्रतिभा, ये बेटा. पाहुणे चहाला थांबलेत."

ती पिंजऱ्यात गेली नाही. लोकांना जिथं उभं राहू देत नाही त्या कुंडीखाली जाऊन ती उभी राहिली आणि तिनं तोंड वर केलं. थेंब कपाळावर पडत राहिले. वर बशीएवढं आभाळ दिसत होतं. वर जायला दुसरा रस्ता नाही, हे तीच तर रोज सगळ्यांना सांगायची.

वरून घंटी वाजली. दोनदा. ये वर.

ती परत आली, रिकाम्या पिंजऱ्यासमोर उभी राहिली आणि घंटी एकदाच वाजवली.