बारा पेरांचा नर

बाईंनी मायक्रोस्कोपला डोळे लावले, स्क्रू जरासा फिरवला, आणि त्यांच्या नावाची माशी हळूहळू स्पष्ट होत गेली.

"दिसली?" शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थिनीने विचारलं. कीटकसंग्रहाची जबाबदारी आता तिच्याकडे होती, तरी बाईंसमोर ती अजून खुर्चीवर बसत नसे. "नवी जात आहे, बाई. आजवर कुणी वर्णन केलेली नाही. लेख उद्या पाठवायचाय. नाव तुमचं दिलंय तिला."

"कोकिळामाशीला माझं नाव?" बाई वर न बघताच हसल्या. "स्वतः परागाचा कण गोळा करायचा नाही, दुसरीने भरलेल्या घरात गुपचूप अंडं घालायचं. शोभतं का गं मला हे?"

"शोभतं की," कपाटाच्या काचा पुसणारे मामा म्हणाले. "तीस वर्षं माझ्या डब्यात हात घातलात. स्वतःचा डबा आणलेला आठवतोय का एक दिवस तरी?"

तिघंही हसली. मग बाईंनी जुन्या सवयीने माशी वाचायला सुरुवात केली. अंग काळं. पाठीवर दोन पिवळे ठिपके. पोटाखाली पराग धरायला केस नाहीत.

दुसऱ्या ठिपक्याची कडा जरा तुटलेली होती. ही तुटकी कडा आपण आधी पाहिली आहे, असं वाटून बाई थबकल्या.

"सापडली कुठे ही?"

"आपल्याच संग्रहात." विद्यार्थिनीचा आवाज खाली गेला. "जुन्या पेटीत. मी सांगणारच होते, बाई."

बाईंनी माशी टोचलेली टाचणी चिमट्यात धरून बाहेर काढली आणि माशीच्या खाली खोवलेली नखाएवढी चिठ्ठी उजेडात धरली. काळी शाई. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. डिंकाने घर लिंपणाऱ्या माशीचं नाव, तारीख, आणि खाली एकच शब्द : नर.

ते अक्षर त्यांचं होतं. डिंकमाशीची ती जातही त्यांचीच, त्यांनी शोधलेली एकुलती एक.

"हा माझ्या माशीचा नर आहे," बाई म्हणाल्या.

"नाही, बाई. ही मादी आहे. कोकिळामाशीची."

"अगं, डिंकमाशीने घर केलेल्या एकाच बोरूच्या नळीतून बाहेर आलीत ही सगळी! नळीच्या तोंडाला जाळी मी स्वतः बांधली होती. बाहेरचं कुणी आत शिरणार कसं?"

"जाळी बांधायच्या आधीच शिरली होती ना तिची आई."

बाईंनी चिठ्ठी पुन्हा वाचली. एका घरातून निघाली, म्हणून घरची. पराग धरायचे केस फक्त मादीला; हिला नाहीत, म्हणून नर.

त्यांनी टाचणी पुन्हा मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि माशीच्या मिशीची पेरं मोजायला घेतली. मादीला बारा, नराला तेरा. पहिल्या वर्षाच्या मुलांना त्या सगळ्यात आधी हेच शिकवायच्या. एक, दोन, तीन. बारा. दुसरी मिशी. बारा.

"मी काय छापलंय?"

विद्यार्थिनीने पिवळा पडलेला जुना लेख पुढे सरकवला. त्यात खुणेची चिठ्ठी आधीच घातलेली होती. बाईंनी चष्मा लावला.

'नराच्या मिशीला तेरा पेरं.'

मामांचा पुसायचा हात थांबला.

"छापखान्याची चूक असणार, बाई," विद्यार्थिनी घाईघाईने म्हणाली. "मी माझ्या लेखात तसंच लिहिलंय. हे बघा. 'मूळ वर्णनात मुद्रणदोष.' तीन शब्दांत विषय संपतो. कोण येतंय विचारायला?"

बाईंनी ते तीन शब्द वाचले.

"मी मोजलीच नव्हती गं."

"बाई..."

"नर म्हटल्यावर तेराच असणार. म्हणून लिहून टाकलं." त्यांनी जुना लेख मिटला. "आज कळतंय मला. आत्ता. तेव्हा कळलंसुद्धा नाही."

"एवढ्याशा माशीच्या मिशीचं काय घेऊन बसलात!" मामा म्हणाले. "आम्हाला तर ती दिसतही नाही."

बाईंनी पेन्सिल उचलली, 'मुद्रणदोष' वर आडवी रेघ ओढली आणि वर लिहिलं : 'पेरं न मोजता आकडा दिला होता.' अक्षर तेच, उजवीकडे झुकलेलं.

"हे जगभर जाईल, बाई. तुम्हाला माहितीये लोक कसे असतात."

"माहितीये. मीही त्यांच्यातलीच. दुसऱ्यांच्या चुका काढताना मी कुणाला सोडलंय?"

विद्यार्थिनीने नाक ओढलं. "मग नाव... नाव बदलू का माशीचं?"

बाईंना ते ऐकू गेलं नसावं. त्या भिंतीकडे बघत होत्या. जमिनीपासून छतापर्यंत कपाटं, कपाटात खण, खणात टाचण्यांच्या रांगा, आणि प्रत्येक टाचणीला नखाएवढी चिठ्ठी.

"मामा, खण काढा."

"कुठला?"

"जिथे जिथे माझ्या अक्षरात 'नर' लिहिलंय, ते सगळे."

मामांनी विद्यार्थिनीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. मामांनी एक खण आणून टेबलावर ठेवला. मग दुसरा. तिसऱ्याला टेबलावर जागा नव्हती. तो त्यांनी रिकाम्या खुर्चीवर टेकवला आणि ते पुन्हा कपाटाकडे वळले.